दहा हजार डॉलरचं बक्षीस आणि पवईचं विद्यार्थी मंडळ

आपण १९९६ साली दहावी झालो आणि १९९८ साली बारावी. त्या उन्हाळ्यात आपल्यापैकी निम्मे जण इंजिनिअरिंग की डिप्लोमा, फ्री सीट की पेमेंट सीट या हिशेबात गुंतले होते. उरलेले वडिलांच्या दुकानावर, शेतावर किंवा आयटीआयच्या रांगेत उभे होते. पुढे मीही इंजिनिअर झाले, नोकरीला लागले, आणि गेली वीसेक वर्षं सॉफ्टवेअरच्या कामात आहे.

त्याच १९९८ साली जगाच्या दोन टोकांना दोन गोष्टी घडत होत्या, ज्यांची आपल्याला तेव्हा गंधवार्ताही नव्हती. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात विद्यार्थ्यांनी भरवलेल्या स्पर्धेत एक संघ जिंकला आणि एक हरला. आणि इकडे मुंबईत, पवईच्या आयआयटीत, विद्यार्थ्यांनी ‘आंत्रप्रुनरशिप सेल’ नावाचं मंडळ काढलं. आज ज्याला सगळे ‘ई-सेल’ म्हणतात, ते हेच.

स्मरणिकेसाठी आठवणी लिहिणारे पुष्कळ जण असतील, आणि माझ्यापेक्षा चांगल्या लिहितील. म्हणून मी इतिहास लिहायचं ठरवलं. विषय इतिहासाच्या बाईंनी कधी शिकवलेला नाही, पण ‘कारणे लिहा’ आणि ‘परिणाम सांगा’ ही त्यांचीच शिस्त आहे. शिवाय हा विषय आपल्या वर्गाशी जोडलेला आहे. तो कसा, हे शेवटी येईलच.

सुरुवात एमआयटीपासून. कोथरूडची नव्हे, अमेरिकेत बोस्टनपासून नदीपलीकडे केंब्रिज गावात असलेली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी. १८६१ साली स्थापन झालेल्या या संस्थेचं ब्रीद आहे ‘मन आणि हात’. शिकायचं ते करून पाहण्यासाठी, अशी तिथली पहिल्यापासूनची धारणा. त्यामुळे तिथले लोक कारखाने काढत आले, यात नवल नाही. १९५७ साली तिथल्याच लिंकन प्रयोगशाळेतले केन ओल्सन आणि हार्लन अँडरसन बाहेर पडले आणि त्यांनी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन ही कंपनी काढली. भांडवल होतं ७० हजार डॉलर आणि जागा होती लोकरीची एक जुनी गिरणी. पैसे देणाऱ्यांना ‘कॉम्प्युटर’ हा शब्दच धोक्याचा वाटत होता, म्हणून कंपनीच्या नावातून तो वगळला गेला. पुढे हीच कंपनी जगातल्या मोठ्या कॉम्प्युटर कंपन्यांपैकी एक झाली.

पण इथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हे दोघे विद्यार्थी नव्हते, अनुभवी इंजिनिअर होते. एमआयटीच्या माजी विद्यार्थ्यांनी १९७८ मध्ये ‘एंटरप्राइज फोरम’ सुरू केला, तोही मुख्यतः अशाच अनुभवी लोकांसाठी. नवा उद्योजक तिथे आपला बेत मांडायचा आणि जाणकार त्याची उलटतपासणी घ्यायचे. वसतिगृहात राहणाऱ्या, खिशात पैसे नसलेल्या विद्यार्थ्याला मात्र यात जागा नव्हती.

ती जागा १९९० साली विद्यार्थ्यांनी स्वतःच तयार केली. एमआयटीत तेव्हा उद्योजकतेची आवड असलेल्या मुलांचे दोन वेगळे गट होते. एक होता इंजिनिअरिंगच्या मुलांचा क्लब आणि दुसरा स्लोन या मॅनेजमेंट स्कूलमधल्या मुलांचा. एकाकडे यंत्रं आणि कल्पना होत्या, दुसऱ्याकडे बाजाराचं आणि पैशाचं गणित. दोघांची गाठ फारशी पडत नसे. आपल्याकडे सायन्स आणि कॉमर्सची मुलं एकाच आवारात असून एकमेकांच्या वर्गात डोकावत नसत, तसंच काहीसं. या दोन गटांनी मिळून एक स्पर्धा भरवली. धंद्याचा लेखी आराखडा आणा, परीक्षक तो तपासतील आणि पहिल्या संघाला दहा हजार डॉलर मिळतील. तेव्हाच्या दराने ते पावणेदोन लाख रुपयांच्या आसपास होतात. स्पर्धेचं नावच पडलं ‘टेन के’. १९९६ मध्ये बक्षीस ५० हजार डॉलरचं झालं आणि २००६ मध्ये एक लाखाचं, तसतसं नावही बदलत गेलं. चालवणारे मात्र विद्यार्थीच राहिले.

बक्षिसाच्या रकमेत कंपनी उभी राहत नाही, हे भरवणाऱ्यांनाही माहीत होतं. स्पर्धेचा खरा उपयोग तीन ठिकाणी होता. पहिला, तारीख. मनात घोळणारी कल्पना अमुक दिवशी कागदावर उतरवावीच लागे. परीक्षा नसती तर आपण भूगोल वाचला असता का, असा प्रश्न स्वतःला विचारला की तारखेचं महत्त्व पटतं. दुसरा उपयोग, जोडीदार. संघात एक तरी एमआयटीचा विद्यार्थी हवा, एवढी अट पाळली की बाकीचे कुठूनही घेता येत. त्यामुळे प्रयोगशाळेतला मुलगा हिशेब जाणणाऱ्याला शोधू लागला. तिसरा आणि सगळ्यात मोठा उपयोग, बाहेरचे डोळे. वकील, उद्योजक, भांडवल पुरवणारे असे लोक त्या मुलांचे आराखडे वाचत आणि तोंडावर सांगत की हे चालणार नाही. नात्यातला माणूस सहसा असं सांगत नाही. तो एक तर कौतुक करतो, नाही तर नोकरी धर म्हणतो.

आता १९९८ ची ती स्पर्धा. जिंकलेल्या संघाचं नाव होतं ‘डायरेक्ट हिट’. इंटरनेटवर शोध घेणारे लोक कोणत्या दुव्यावर क्लिक करतात ते पाहून शोधाचे निकाल वर-खाली लावायचे, ही त्यांची कल्पना. ती चांगलीच होती. जानेवारी २००० मध्ये ‘आस्क जीव्ज’ या कंपनीने त्यांना सुमारे ५० कोटी डॉलरच्या शेअरच्या बदल्यात विकत घेतलं. नंतर बाजारात मंदी आली आणि काही वर्षांत ‘डायरेक्ट हिट’ हे नावही पुसलं गेलं.

अंतिम फेरीपर्यंत पोहोचून हरलेल्या संघांपैकी एक होता डॅनी लेविन या इस्रायलहून आलेल्या विद्यार्थ्याचा आणि टॉम लेटन या त्याच्या गणिताच्या प्राध्यापकाचा. त्यांचा प्रश्न साधा होता. एखाद्या वेबसाइटवर एकदम लाखो लोक आले की ती कोलमडते. मग त्या साइटवरची चित्रं आणि पानं जगभरच्या हजारो कॉम्प्युटरवर आधीच नेऊन ठेवली आणि प्रत्येकाला जवळच्या कॉम्प्युटरवरून वाढली तर? पण कुठली वस्तू कुठे ठेवली आहे, हे लक्षात कसं ठेवायचं?

किराणा दुकानाचं उदाहरण घेऊ. समजा, आपल्या गावात दहा दुकानं आहेत आणि हजार जिन्नस आहेत. प्रत्येक जिन्नसाला क्रमांक दिला, त्याला दहाने भागलं आणि जी बाकी उरेल त्या क्रमांकाच्या दुकानात तो ठेवला. पद्धत सोपी आहे. पण उद्या एक दुकान बंद पडलं की नवाने भागावं लागेल, आणि हजारातल्या सुमारे नऊशे जिन्नसांची जागा बदलेल. सगळ्या गावात हमालीच हमाली! लेविन, लेटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडलेली पद्धत वेगळी आहे. दुकानं आणि जिन्नस एकाच मोठ्या वर्तुळावर मांडायचे आणि प्रत्येक जिन्नस वर्तुळावर पुढे जे पहिलं दुकान लागेल त्यात ठेवायचा. आता एक दुकान बंद पडलं, तर फक्त त्यातलेच जिन्नस पुढच्या दुकानात जातील. बाकीची नऊ दुकानं जशीच्या तशी. याला ‘कन्सिस्टंट हॅशिंग’ म्हणतात. मी रोज ज्या यंत्रणांवर काम करते, त्यांच्या पोटात कुठे ना कुठे ही कल्पना असते. तुम्ही मोबाइलवर क्रिकेटचा सामना पाहता तेव्हा तो अशाच, वस्तू जवळ आणून ठेवणाऱ्या यंत्रणांमधून येत असतो.

या संघात जोनाथन सीलिग आणि प्रीतीश निझावन हे स्लोनमधले मॅनेजमेंटचे विद्यार्थीही सामील झाले. म्हणजे १९९० मध्ये ज्या दोन गटांची गाठ घालायची होती, ती इथे अगदी हेतूप्रमाणे पडली. स्पर्धा ते हरले, पण कंपनी काढली. नाव ठेवलं ‘अकामाई’, हवाईच्या भाषेत ‘हुशार’. ऑक्टोबर १९९९ मध्ये कंपनीचा शेअर २६ डॉलरला विक्रीस निघाला आणि पहिल्याच दिवशी १४५ डॉलरवर बंद झाला. तीन वर्षांनी, २००२ मध्ये, तोच शेअर एक डॉलरच्याही खाली होता. मधल्या काळात त्याहून भयंकर गोष्ट घडली होती. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कच्या टॉवरवर आदळलेल्या पहिल्या विमानात डॅनी लेविन होता. वय अवघं ३१. लेटन आणि बाकीच्यांनी कंपनी बुडू दिली नाही. ती आजही चालू आहे.

ही मंदी आपल्या बॅचलाही नीट आठवत असेल. २००१-०२ मध्ये इंजिनिअर झालेल्या कितीतरी जणांच्या हातात ऑफर लेटर होतं, पण रुजू व्हायची तारीख दर दोन महिन्यांनी पुढे जात होती. माझंही तेच झालं. आपण बसलो होतो आपापल्या घरी, पण तो खड्डा तिकडे खणलेला होता.

आता पवईकडे वळू. आयआयटी मुंबईची स्थापना १९५८ ची. इथून निघालेले इंजिनिअर हुशार, पण दशकानुदशकं त्यांच्यासमोर दोनच रस्ते होते, मोठी नोकरी किंवा अमेरिकेचं विमान. याला कारण नुसता स्वभाव नव्हता. १९८१ मध्ये सात इंजिनिअरांनी दहा हजार रुपयांवर आपल्या पुण्यातच इन्फोसिस काढली. त्यांतले नंदन निलेकणी पवईचेच. एक टेलिफोन मिळवायला वर्ष गेलं आणि परदेशातून कॉम्प्युटर आणण्याच्या परवान्यासाठी दिल्लीच्या खेपा कराव्या लागल्या, हे नारायण मूर्तींनी अनेकदा सांगितलं आहे. अशा दिवसांत वसतिगृहातल्या पोराने कंपनीचा विचार कुठून करावा? १९९१ नंतर परवान्यांचं जाळं सैल होऊ लागलं.

दुसरं कारण सातासमुद्रापार तयार होत होतं. १९६७ साली पवईतून बाहेर पडलेले कंवल रेखी यांनी १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात ‘एक्सेलन’ ही कंपनी काढली होती. ती १९८७ मध्ये नॅस्डॅक या शेअर बाजारावर आली आणि दोन वर्षांनी नॉव्हेल या कंपनीत विलीन झाली. १९९२ मध्ये तिथल्या भारतीय उद्योजकांनी मिळून ‘टाय’ ही संस्था स्थापन केली. आधी पोहोचलेल्याने मागून येणाऱ्याला हात द्यायचा, हे तिचं काम. रेखी तिच्या संस्थापकांपैकी एक. आपल्या जुन्या संस्थेलाही त्यांनी देणगी दिली, आणि पवईत त्यांच्या नावाचं माहिती तंत्रज्ञानाचं स्कूल उभं राहिलं.

तेव्हा १९९८ मध्ये ई-सेल निघाला तो योग्य वेळी. त्या काळात अशी मंडळं ठिकठिकाणी उगवत होती. स्टॅनफर्डमध्ये १९९६ मध्ये, इंग्लंडच्या केंब्रिज विद्यापीठात १९९९ मध्ये. पवईच्या मुलांनी ‘युरेका’ नावाची धंद्याच्या आराखड्यांची स्पर्धा सुरू केली. नमुना तोच, तारीख, जोडीदार आणि बाहेरचे डोळे. पुढे वार्षिक ‘ई-समिट’ आली, इतर कॉलेजांसाठी स्पर्धा आल्या. वर्ग, लॅब, सबमिशन सांभाळून प्रायोजक शोधणं, पाहुण्यांना पत्रं लिहिणं, परीक्षकांची मनधरणी करणं, हे सगळं विशीतली मुलं करतात. गॅदरिंगची वर्गणी गोळा करताना आपली काय दमछाक व्हायची ते आठवा, म्हणजे कल्पना येईल.

पण आराखडा लिहून झाल्यावर पुढे काय? बसायला जागा, फोन, वकील, पहिला ग्राहक हे कुठून आणायचं? त्यासाठी रेखींच्या स्कूलमध्ये आधी एक प्रायोगिक ‘इन्क्युबेटर’ सुरू झाला, आणि त्यातून २००४ मध्ये ‘साइन’ ही स्वतंत्र संस्था उभी राहिली. इन्क्युबेटर म्हणजे अंडी उबवणीचं यंत्र. शब्द अगदी चपखल आहे, कारण ऊब दिली तरी सगळ्याच अंड्यांतून पिल्लू निघत नाही.

एका पिल्लाची गोष्ट तुम्ही पडद्यावर पाहिली आहे. ‘थ्री इडियट्स’ या २००९ च्या चित्रपटात मुलं एक छोटं उडतं यंत्र बनवतात. ते यंत्र पुरवलं होतं ‘आयडियाफोर्ज’ या, पवईच्या मुलांनी २००७ मध्ये काढलेल्या आणि ‘साइन’मध्ये वाढलेल्या कंपनीने. पुढे नवी मुंबईतून ही कंपनी भारतीय सैन्याला ड्रोन पुरवू लागली. जुलै २०२३ मध्ये तिचा शेअर बाजारात आला. ६७२ रुपयांच्या शेअरला पहिल्याच दिवशी जवळपास दुप्पट भाव मिळाला आणि नंतर तो मूळ किमतीच्याही खाली गेला. अकामाईची गोष्ट पुन्हा घडावी तशी. पण चित्रपटातल्या खेळण्यापासून सीमेवरच्या पहाऱ्यापर्यंतची वर्षं भावाच्या आकड्यात दिसत नाहीत.

२००३ मध्ये वाधवानी फाउंडेशनच्या पुढाकाराने, आयआयटी मुंबईसह काही संस्थांना घेऊन, ‘नॅशनल आंत्रप्रुनरशिप नेटवर्क’ सुरू झालं आणि ई-सेलची कल्पना साध्या कॉलेजांपर्यंत पोहोचली. जानेवारी २०१६ मध्ये ‘स्टार्टअप इंडिया’ची सुरुवात झाली, आणि आता आपल्या तालुक्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातही ई-सेलची पाटी दिसते.

माझी शंका त्या पाटीपासून सुरू होते. गेल्या काही वर्षांत दोन-तीन कॉलेजांच्या अशा स्पर्धांना मी परीक्षक म्हणून गेले. मुलं चुणचुणीत असतात, पडद्यावरचे तक्ते सुरेख असतात. ‘बाजारपेठ पाचशे कोटींची’ असं ठामपणे सांगतात. पण खोकं कितीला पडतं, उधारी किती दिवसांची द्यावी लागेल, माल परत आला तर काय, असं विचारलं की सगळे एकमेकांकडे पाहतात. मग मोठ्या पुठ्ठ्याचा चेक हातात धरून फोटो निघतो, प्रमाणपत्र बायोडेटात जातं आणि मंडळ पुढच्या वर्षाच्या कार्यक्रमाला लागतं. तारीख उरते, जोडीदार कधी मिळतो, पण बाहेरचे डोळे जवळपास नसतातच.

या ठिकाणी मला आपल्या मराठी मुलखाचा जुना इतिहास आठवतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचं दुकान निघालं, त्यातून पुढे लोखंडी नांगर आला आणि १९१० मध्ये औंध संस्थानाने दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. त्यांचे चिरंजीव शंतनुराव १९२६ मध्ये त्याच एमआयटीतून मेकॅनिकल इंजिनिअर होऊन परतले. तिथे ‘टेन के’ सुरू व्हायला अजून चौसष्ट वर्षं होती. त्यांना मंडळाची गरजच नव्हती, कारण घरचा कारखाना हेच मंडळ होतं.

दुसरं उदाहरण अलीकडचं. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर शिक्षण सोडून पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात लागले. मग स्वतःचं दुकान काढलं. धाकट्या भावाला कॉम्प्युटर शिकायला लावलं, आणि त्या भावाने, संजयने, व्हायरस काढून टाकणारा प्रोग्रॅम लिहिला. त्यातून ‘क्विक हील’ उभी राहिली आणि २०१६ मध्ये तिची शेअर बाजारात नोंद झाली. दुरुस्तीला आलेल्या ग्राहकाची तक्रार रोज ऐकणं, हा त्यांचा आराखडा होता.

ही दोन उदाहरणं आणि एमआयटी-पवईचा इतिहास शेजारी ठेवला की एक गोष्ट स्पष्ट दिसते. दुकानाच्या किंवा कारखान्याच्या घरात जन्मलेल्या मुलाला जे जेवताना, गल्ल्यावर बसताना आपोआप मिळतं, तेच पगारदार घरातल्या मुलाला मिळावं म्हणून विद्यार्थ्यांनी ही मंडळं काढली. धंद्यात तोटा झाला तरी माणूस दुसऱ्या दिवशी दुकान उघडतो, हे ज्याने घरात पाहिलेलं नाही, त्याला ते बाहेर दाखवावं लागतं. ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण आपल्या पिढीने पार उलटी केली. त्यामुळे ही गरज आपल्याकडे जास्त आहे.

आणि इथे आपला वर्ग येतो. सातवीत शेकडा नफा-तोट्याची गणितं फळ्यावर यायची, तेव्हा आम्ही स्कॉलरशिपवाले सूत्र लिहीपर्यंत किराणा दुकानातला आपला एक मित्र उत्तर सांगून मोकळा व्हायचा. (नाव लिहीत नाही, तो ओळखेलच.) सर विचारायचे, “रीत कुठे आहे?” रीत त्याच्या वहीत नव्हती, पण गल्ल्यात होती. आज आपल्या बॅचमध्ये तो आहे, भांड्यांचं दुकान आहे, रोपवाटिका आहे, गॅरेज आहे, शिवणकामाचं युनिट चालवणाऱ्या दोन मैत्रिणी आहेत. बँकेत कर्जं मंजूर करणारा आहे, एक सीए आहे, आणि माझ्यासारखे कॉम्प्युटरवाले तर डझनभर आहेत. १९९० साली एमआयटीच्या मुलांना जे दोन गट एकत्र आणण्यासाठी स्पर्धा भरवावी लागली, ते आपल्याकडे एकाच व्हॉट्सॲप ग्रुपवर आहेत आणि एकमेकांना ‘सुप्रभात’ पाठवत आहेत.

म्हणून स्नेहसंमेलनाच्या समितीकडे एक प्रस्ताव दिला आहे. आपल्या शाळेतून गेलेली आणि आता कॉलेजात असलेली मुलं-मुली यांच्यासाठी दर तिमाहीला एका रविवारी शाळेचा एक वर्ग उघडा ठेवायचा. ज्याला काही करून पाहायचं आहे, त्याने एक पानभर हिशेब लिहून आणायचा. काय विकणार, कोणाला, कितीला, आणि माल कितीला पडणार. समोर आपल्यातले पाच जण बसतील, दोन दुकानवाले, एक बँकेचा, एक सीए आणि एक आमच्यापैकी. बक्षीस नाही, पुठ्ठ्याचा चेक नाही, सत्कार नाही. मुलांइतक्याच मुली येतील, हे पाहायची जबाबदारी मी घेते. कारण घरच्या गल्ल्यावर बसायची संधी मुलींना आजही कमीच मिळते.

मुख्याध्यापकांनी वर्ग द्यायचं तोंडी कबूल केलं आहे. सरांना आणि बाईंना विनंती, की कॉलेजात गेलेल्या आपल्या विद्यार्थ्यांपर्यंत हा निरोप पोहोचवावा. पाच खुर्च्यांपैकी एकीवर मी बसेन. उरलेल्या चारांसाठी नावं संमेलनाच्या दिवशी, जेवणाच्या मांडवाजवळच्या टेबलावर लिहून घेतली जातील.